नाव न घेण्याचा फॉर्म

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोर्ट व्हिलाच्या आमच्या लॉ स्कूलमध्ये आसपासच्या समुद्रातल्या बारा बेटदेशांची पोरं येऊन उतरतात, आणि त्यातली निम्मी तिसऱ्या दिवशी घरी जायचं म्हणून रडायला लागतात. टोंगाचा सहा फुटी गडी, मान माझ्या मांडीएवढी, लायब्ररीच्या जिन्यावर बसून हमसून हमसून रडताना मी या डोळ्यांनी पाहिलाय. मी लायब्ररीच्या काउंटरवर बसतो. सव्वीस वर्षं झाली. मूळचा फीजीचा, लंबासाचा. आता तिकडे मला कुत्रं ओळखत नाही आणि इथे सगळे मला ‘फीजी’ म्हणूनच हाक मारतात. असं रडणारं पोर दिसलं की मी एवढंच सांगायचो, ‘पाण्याच्या टाकीमागे जा. एस्ताबाई आहेत.’ माझ्या नोकरीत पुण्याचं असं तेवढंच काम.

एस्ता बोंगरान अंब्रिम बेटावरच्या. ठेंगण्या, रुंद, अंगात फुलाफुलांचा ढगळ झगा, आणि आवाज असा की बंदरावरचं जहाज वळावं. पूर्वी गावातल्या शाळेत शिकवायच्या. मग इथे टायपिस्ट म्हणून लागल्या. वीस वर्षं प्राध्यापकांचे निबंध टाइप करून त्यांना एक गोष्ट कळली, की कायदा समजणं अवघड नाही, प्राध्यापकाच्या तोंडून समजणं अवघड आहे. मग त्यांनी टाकीमागच्या खोलीतलं गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं, चटई अंथरली आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना बसवून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी अडवलंही नाही, कारण कोणाच्या लक्षातच आलं नाही.

‘निकालपत्रात घाबरण्यासारखं काही नसतं,’ त्या पोरांना सांगायच्या. ‘कोण भांडलं? कशावरून भांडलं? मोठ्या माणसाने काय ठरवलं? आणि का? या चार गोष्टी शोधा. पाचवी सापडली तर ती वकिलाने फी वाढवायला घातलेली असते, ती सोडा.’

तळटिपांचं तर त्यांनी फारच सोपं करून टाकलं होतं. त्यांच्या बेटावर लाकडी नगाऱ्यावर चेहरा कोरायचा तर तो चेहरा ज्या घराण्याचा, त्या घराण्याला आधी डुक्कर द्यावं लागतं. फुकट कोरलात तर गाव तुम्हाला सोडत नाही. तसंच निबंधाचं. पोराने दुसऱ्याचं वाक्य उचललं आणि खाली कुणाचं ते सांगितलं नाही, की बाई समासात लाल पेनाने दोनच शब्द लिहायच्या, ‘डुक्कर कुठंय?’ प्राध्यापकांनी तीन तीन व्याख्यानं झोडून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या दोन शब्दांत शिरायचं. सॉलोमनची पोरं असोत, सामोआची असोत, डुक्कर सगळ्यांना कळतं.

असं सगळं बरं चाललेलं असताना वरातीमागून घोडं आलं. डॉक्टर ट्वीडी. ऑस्ट्रेलियाचे. हुद्दा ‘प्रथम वर्ष समायोजन समन्वयक’. हे एका दमात म्हणता येईपर्यंत पोरांचं पहिलं वर्ष संपतं.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. सगळ्यांशी हसून बोलणार, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून फिरणार, आणि दर दोन वाक्यांनी ‘मी इथे शिकायला आलोय’ म्हणणार. चौसष्ट पानांची एक पुस्तिका घेऊन आले होते. तिच्यात नुसते गोल आणि बाण. ती पोरांना वाटायची कशी, तर एस्ताबाईंनी तिच्या दोनशे प्रती काढायच्या. ‘तुम्ही म्हणजे इथलं वैभव आहात, एस्ता,’ असं म्हणून त्यांनी बाईंच्या हातात कागदाचं रीम ठेवलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना गोलात बसवलं आणि म्हणाले, ‘शेजारच्याच्या डोळ्यांत बघा आणि आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग सांगा.’ टोंगाच्या एका मुलीशेजारी तिचा चुलतभाऊ बसला होता. त्यांच्यात बहीणभाऊ एका खोलीत सिनेमासुद्धा बघत नाहीत. ती पोरगी उठली आणि ताडताड बाहेर गेली. सॉलोमनमधल्या मलायता बेटाचे दोघं नुसते जमिनीकडे बघत बसले. बाकीच्यांनी मान खाली घालून मुकाट्याने वेळ काढला. ट्वीडींनी वहीत लिहिलं, ‘सहभाग कमी.’ उंटावरचा शहाणा!

त्याच वर्षी जोसीना आली.

जोसीना मोटालावाची, म्हणजे पार उत्तरेच्या बँक्स बेटांवरची. वय सत्तावीस, दोन मुलं गावी सासूकडे, नवरा हॅरिसन इथे व्हिलात बस चालवतो. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली. तिच्या गावातून कायदा शिकायला आलेलं हे पहिलं माणूस. वर्गात तोंड उघडायची नाही, पण टाकीमागच्या चटईवर सगळ्यांच्या आधी येऊन बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी उठायची. बाई म्हणायच्या, ‘ही बोलत नाही, पण हिच्या कानांना झाकण नाही.’

सत्राच्या मध्यावर पहिला मोठा निबंध असतो. आपापल्या बेटावर जमिनीचा किंवा समुद्राचा हक्क कसा ठरतो ते लिहायचं. एके दुपारी जोसीना माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली.

‘अंकल, तो अंक पाहिजे.’

‘कुठला अंक?’

‘जुना. किनाऱ्याजवळचा प्रवाळ खडक कोणाच्या मालकीचा, त्यावर लेख आहे त्यात.’

‘लेखक कोण?’

ती जमिनीकडे बघायला लागली.

‘अगं बये, लेखकाचं नाव माहीत नाही आणि लेख पाहिजे! आणि म्हणे वकील होणार. कोर्टात काय सांगशील, साहेब, तो एक माणूस होता, त्याने ते एक केलं?’ माझी जीभ अशीच आहे, सुटली की आवरत नाही. शेजारी उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. तिने काही न बोलता कपाट दाखवलं, वर्ष सांगितलं, खंड सांगितला. अंक जागच्या जागी सापडला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि टेबलावर ठेवताना कव्हर खाली करून ठेवला. मी ते पाहिलं आणि काही समजलो नाही. इतकी वर्षं पुस्तकं उचलून डोकं हमालाचंच राहिलं माझं.

पंधरा दिवसांनी ट्वीडी लायब्ररीत आले. चेहरा उतरलेला, म्हणजे आतून खूश. त्यांच्याकडे निबंधातली चोरी पकडायचं एक सॉफ्टवेअर होतं. जोसीनाचा निबंध आणि जुन्या अंकातला एक लेख त्यात घातले, तर अडतीस टक्के मजकूर जुळला होता. ‘हा अंक कोणी नेला होता, सांगता येईल?’ त्यांनी विचारलं. मी मोठ्या उत्साहाने रजिस्टर उघडलं, बोट ठेवून सही दाखवली. जळला मेला तो उत्साह. संध्याकाळपर्यंत जोसीनाला नोटीस गेली. चोरी सिद्ध झाली तर निबंधाला शून्य. शून्य म्हणजे विषयात नापास, पहिल्या सत्रात नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे गाठोडं बांधायचं आणि उत्तरेच्या जहाजात बसायचं.

दुसऱ्या दिवशी एस्ताबाईंनी मला बोलावणं पाठवलं. खोलीत जोसीना कोपऱ्यात बसली होती. बाईंच्या मांडीवर तिचा निबंध होता.

‘फीजी, हे बघ,’ त्या म्हणाल्या. ‘सतरा तळटिपा. लेखाचं शीर्षक आहे, वर्ष आहे, खंड आहे, पान आहे. नाव नाही. जागा सोडलीय. सतराही ठिकाणी तेवढीच जागा. कुठल्या चोराने असं केलंय, मला सांग.’

‘विसरली असेल.’

‘माझ्या हाताखालची पोरगी सतरा वेळा विसरेल?’ त्या माझ्यावर खेकसल्या आणि मग जोसीनाकडे वळल्या. ‘जोसीना, तू कोणाची सून?’

जोसीनाने तळहाताने तोंड झाकलं.

बाईंनी निबंध मिटून बाजूला ठेवला. मग एकदम मला म्हणाल्या, ‘तुझी आई तुझ्या बापाला काय म्हणून हाक मारायची रे?’

‘हाक कुठली? मला पुढे करून म्हणायची, जा, तुझ्या बाबांना बोलाव. उभ्या जन्मात नाव नाही घेतलं. सरकारी माणूस आला तरी मलाच दारात ढकलायची, सांग रे बापाचं नाव.’

‘हिच्या बेटावर सासू-सासऱ्यांचं नाव घेत नाहीत. बोलत नाहीत, लिहीत नाहीत. त्यांच्या डोक्यावरून हात नेऊन काही उचलतसुद्धा नाहीत. आणि प्रवाळ खडकांच्या हक्कावर सगळ्या जगात एकच लेख लिहिला गेलाय, तो हिच्या सासऱ्याने. बेटावरच्या कोर्टात कारकून होते ते.’

मला तो कव्हर खाली करून ठेवलेला अंक आठवला, पोरांसमोर मारलेला टोमणा आठवला, आणि रजिस्टरावर ठेवलेलं बोटही आठवलं. माझी मलाच लाज वाटली. ‘मग हे आधी सांगायचं नाही का, पोरी?’ मी म्हणालो.

‘सांगायचं म्हणजे काय करायचं, अंकल?’ ती तळहाताआडून म्हणाली. ‘कोणाचं नाव घेत नाही ते सांगायचं, म्हणजे घेतल्यासारखंच झालं ना.’

चौकशी शुक्रवारी सकाळी दहाला. टेबलापलीकडे दोघं, ट्वीडी आणि विभागप्रमुख मसिनाबाई. मसिनाबाई सामोआच्या. त्यांच्या गावात त्यांना स्वतःला सरदारकीची पदवी आहे, त्यामुळे कोणाचं नाव कुठे घ्यायचं नि कुठे नाही हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण खुर्ची वाईट. मी साक्षीदार म्हणून रजिस्टर घेऊन बसलो होतो. एस्ताबाईंना ‘मानसिक आधार’ म्हणून आत सोडलं होतं, बोलायचं नाही या अटीवर. पहिल्या मिनिटाला त्या बोलल्या. सगळं सांगितलं.

ट्वीडींचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ‘किती सुंदर!’ ते म्हणाले आणि भराभर वहीत उतरवून घ्यायला लागले. ‘किती सखोल! जोसीना, हे आमच्यासोबत वाटून घेतल्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.’

‘मग सोडा तिला,’ बाई म्हणाल्या.

‘पण नियम तो नियम, एस्ता. सगळ्यांना सारखा. तळटिपेत आडनाव अनिवार्य आहे, पुस्तिकेच्या चौकटीत दिलंय.’ मग ते पुढे झुकून अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘जोसीना, एकदाच. एकच नाव. इथे तुला कोणी काही म्हणणार नाही. ही सुरक्षित जागा आहे.’

मसिनाबाईंनी डोळे मिटून घेतले. जोसीना जमिनीकडे बघत होती. पंखा गरगरत होता. मला वाटलं, झालं, गेली ही पोरगी. तेवढ्यात तिने पिशवीतून विद्यापीठाचं नियमांचं पुस्तक काढलं. आत वाळलेल्या पानाची खूण घातलेली.

‘सर,’ ती म्हणाली. आवाज एवढासा, पण कापत नव्हता. ‘चौकट पुस्तिकेत आहे. पुस्तिका म्हणजे नियम नाही. नियम सहावा आहे. त्यात लिहिलंय, मूळ स्रोत ओळखता येईल एवढी माहिती द्यावी. नाव द्यावं असं नाही लिहिलं. मी शीर्षक, वर्ष, खंड, पान दिलंय.’

‘तेवढ्याने ओळखता येत नाही ना पण.’

‘तुम्हाला सापडला का, सर?’

ट्वीडींनी वही मिटली.

मसिनाबाईंनी डोळे उघडले. ‘डॉक्टर ट्वीडी, तुम्ही तो लेख कसा शोधलात?’

‘म्हणजे… तिच्या तळटिपेवरूनच.’

मी खो खो हसलो. साक्षीदाराने हसू नये म्हणतात, पण चोर स्वतः पत्ता लिहून ठेवतो आणि पोलीस त्याच पत्त्यावर जाऊन चोरी पकडल्याचा डांगोरा पिटतो, हे बघून न हसणारा साक्षीदार अजून जन्मायचाय.

तिथेच प्रकरण मिटायला हवं होतं. पण शहाण्या माणसाची समिती म्हणजे रबर, तुटत नाही, ताणली जाते. ट्वीडी म्हणाले की ठीक आहे, पण उद्या प्रत्येकजण सासरा पुढे करील, तेव्हा याला काही पद्धत पाहिजे. त्यासाठी ते स्वतः एक सवलतीचा फॉर्म तयार करतील. जोसीनाने तो पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत भरून द्यावा, तोवर शून्य राखून ठेवू. न दिल्यास शून्य कायम. मसिनाबाईंनी सुस्कारा टाकून सही केली. काहीतरी मिळालं, असं आम्हाला वाटलं. बुधवारी फॉर्म हातात पडेपर्यंत वाटलं.

तीन पानांचा फॉर्म. वर लॉ स्कूलचं चिन्ह, खाली एक गोल आणि एक बाण. रकाना पहिला: ‘ज्या व्यक्तीचे नाव अर्जदार रूढीमुळे यापुढे वापरू शकत नाही, त्या व्यक्तीचे पूर्ण नाव. अर्जदाराने स्वहस्ताक्षरात लिहावे.’

मी ते दोनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. एस्ताबाई हसल्या नाहीत. फॉर्म घेऊन तडक ट्वीडींच्या खोलीत गेल्या, मी मागोमाग.

‘सर, जे नाव लिहिता येत नाही म्हणून हा फॉर्म, त्या फॉर्मवर तेच नाव लिहायचं?’

‘अर्थात! नाहीतर कुठलं नाव लिहायचं नाही हे आम्हाला कळणार कसं?’

‘मी लिहिते तिच्याऐवजी. मला ते नाव घ्यायला काही आडकाठी नाही.’

ट्वीडींना खरोखरच वाईट वाटलं. ‘एस्ता, विद्यार्थ्याच्या कागदावर दुसऱ्याने लिहिलं तर ती अनधिकृत मदत होते. तुमच्यावरच कारवाई करावी लागेल मला. मला ते आवडणार नाही.’ मग हसून म्हणाले, ‘आपण तिला जुळवून घ्यायला शिकवतोय, नाही का?’

परत येताना बाईंच्या तोंडून अंब्रिमच्या भाषेत असं काही निघालं, की भाषा येत नसूनही मला सगळं समजलं.

शुक्रवारी दुपारी तीनला जोसीना आली. फॉर्म पुढ्यात ठेवून बसली, पेन हातात. ‘मी लिहिते, आंटी,’ ती म्हणाली. ‘हॅरिसन म्हणाला, लिहून टाक, पोरांकडे बघ. तो स्वतः बापाची माफी मागेल म्हणाला.’ तिने पेन टेकवलं. कागदावर नुसता ठिपका उमटला. मी तोंड फिरवलं. एवढी हुशार पोरगी, आणि आम्ही चार शिकलेली माणसं मिळून तिला एका कागदासाठी आपल्याच घरात तोंड लपवायला लावत होतो. संताप संताप झाला माझा.

‘थांब,’ बाई ओरडल्या आणि त्यांनी पेन हिसकावून घेतलं. ‘तो रकाना वाच. मोठ्याने.’

जोसीनाने वाचला.

‘लेखकाचं नाव, असं म्हटलंय?’

‘नाही.’

‘सासऱ्याचं?’

‘नाही. ‘ज्या व्यक्तीचे’ म्हटलंय.’ जोसीनाचा आवाज हळूहळू वकिलाचा व्हायला लागला. ‘कुठल्या तळटिपेतली व्यक्ती, तेही विचारलेलं नाही. पुढच्या दोन पानांवरही नाही.’

‘आणि यापुढे म्हणजे?’

‘आजपर्यंत घेतलं असलं तरी चालेल. इथून पुढे घेता येऊ नये.’

‘मग माझं लिही.’

जोसीनाने फॉर्म मागे सारला. ‘पण आंटी, ते खोटं होईल. तुमचं नाव मी घेऊ शकते. कायदा शिकायला आले आणि पहिल्या फॉर्मवर खोटं लिहू?’

‘पाचच्या आत खरं करू. हॅरिसनला फोन लाव. म्हणावं चटई घेऊन ये, चांगली, विणलेली. ती त्याने माझ्यापुढे ठेवायची आणि मी उचलायची. मी उचलली की तो माझा मुलगा. मग तू माझी कोण?’

जोसीनाने पिशवीतून फोन काढला.

‘पण ऐक,’ बाई म्हणाल्या आणि आवाज पहिल्यांदाच खाली आला. ‘हा कागदावरचा खेळ नाही. एकदा उचलली की उचलली. तू म्हातारी होईपर्यंत माझं नाव तुझ्या तोंडात येता कामा नये. आणि मलाही सासू म्हणून तुझ्या घरचं सगळं करावं लागेल, पोरांच्या बारशापासून माझ्या मरणापर्यंत. माझ्यापुरतं म्हणशील तर एक मुलगा वाढला, त्याने काही बिघडत नाही. सून आळशी नसावी एवढंच.’

जोसीना रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, ‘आळशी नाहीये मी.’

‘माहितेय. लिही आता. चटई यायच्या आधी लिही, नंतर तुला लिहिता यायचं नाही.’

चार वाजून वीस मिनिटांनी तिने रकाना पहिला भरला. एस्ता बोंगरान. एकेक अक्षर सावकाश, गोलाकार, पहिलीतलं मूल लिहितं तसं. साडेचारला हॅरिसनची बस कचकन टाकीशी येऊन उभी राहिली, आत बाजारातून निघालेल्या दोन बायका टोपल्या घेऊन तशाच बसलेल्या. त्यांना कुठे जायचं होतं देव जाणे. हॅरिसनने त्यांना खाली उतरवून साक्षीला उभं केलं. त्यातल्या एकीने विचारलं, ‘लग्न आहे का?’ दुसरी म्हणाली, ‘गप गं, असंच काहीतरी असेल, हात धुऊन घे.’ हॅरिसनने चटई ठेवली. बाईंनी ती उचलून खांद्यावर टाकली. पहिल्या बाईने टोपलीतला टारोचा एक कंद काढून दिला, रिकाम्या हाताने बघायचं नसतं म्हणून. झालं.

पाचला पाच कमी असताना आम्ही सगळे ट्वीडींच्या दारात. त्यांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला.

‘एस्ता बोंगरान? म्हणजे… तुम्ही?’

‘सून आहे माझी,’ बाई म्हणाल्या.

‘अरेच्चा! मला माहीतच नव्हतं!’

‘नवीनच आहे.’

ट्वीडींनी तीनही पानं उलटली. सगळे रकाने भरलेले, हस्ताक्षर अर्जदाराचं, खाली बाजारातल्या दोन बायकांचे साक्षीचे अंगठे. नियमात बसत होतं. लेखकाचं नाव कुठे गेलं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला असला तरी त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. त्यांनी शिक्का मारला. शून्य गेलं आणि निबंधाला एक्क्याऐंशी मार्क पडले. वर्षाच्या अहवालात ट्वीडींनी लिहिलं की सवलतीची पद्धत अत्यंत यशस्वी ठरली. पुढे एका परिषदेत त्यांनी त्यावर भाषण केलं, आणि तिथे टाळ्या पडल्या म्हणे. आपण काय बोलणार?

चार वर्षांनी पदवीदान झालं. वर्गातर्फे आभार मानायला जोसीनाला उभं केलं होतं. मागे वळून बघावं तर हॅरिसन, दोन मुलं आणि उत्तरेहून आलेले तिचे सासरे, पांढऱ्या शर्टात, काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसलेले. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण मीही आता घेत नाही, अंगवळणी पडलंय.

जोसीना बोलायला लागली आणि मला वाटलं, हीच का ती काउंटरपाशी जमिनीकडे बघणारी? मसिनाबाईंचे आभार मानले, पूर्ण नावाने, पदवीसकट. डॉक्टर ट्वीडींचे मानले, तेही पूर्ण नावाने. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. लायब्ररीतले शिवनारायण अंकल, असं म्हणून माझेही मानले, आणि खोटं कशाला सांगू, मी खिशात रुमाल शोधायला लागलो. मग ती थांबली. नजर खाली गेली. तळहात क्षणभर ओठांवर आला.

‘आणि टाकीमागे बसतात, त्यांचे,’ ती म्हणाली आणि खाली उतरली.

टाळ्या झाल्या. ट्वीडी माझ्या पुढच्या रांगेत होते. ते मागे वळून हळूच म्हणाले, ‘बिचारी एस्ता. इतकी राबली, आणि मुलीने सगळ्यांची नावं घेतली, तिचं तेवढं नाही. निदान नाव तरी घ्यायचं होतं.’

त्यांना दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी लक्ष गेलं. एस्ताबाई नव्या झग्यात मान ताठ करून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला.

‘ऐकलंस, फीजी?’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्या लोकांत. नाही घेतलं.’